नोकरीचा तिसरा दिवस

नोकरी करण्यात काही अवघड नसतं, असं म्हसावदच्या नवनीत पाटलाचं ठाम मत होतं. गेली पाच-सहा वर्षं त्याने नोकरी केलेली नव्हती, त्यामुळे हे मत चुकायचा प्रसंगच आला नव्हता. "नऊला जायचं, सहाला यायचं. मधल्या वेळात जे सांगतील ते करायचं. त्यात काय आहे!" असं तो पारावर बसून नोकरीवाल्यांना समजावून सांगायचा. बिचारे ऐकूनही घ्यायचे, कारण त्यांना घाई असायची आणि नवनीतला नसायची.

नाशिकची फायनान्स कंपनी एका रात्रीत गाशा गुंडाळून गेली, तेव्हा तो घरी परत आला होता. शेती दोघे भाऊ बघत होते आणि तिसऱ्याने बघावं इतकी ती नव्हती. मग नवनीत गावाचं बघू लागला. कोणाचा पाहुणा शहाद्याच्या स्टँडवरून आणायचा आहे, नवनीत. कोणाच्या म्हातारीला दवाखान्यात न्यायचं आहे, नवनीत. सिलेंडर, लाईट बिल, लग्नाचा मांडव, सगळीकडे नवनीत.

पण त्याचं मुख्य खातं म्हणजे दारावर जाणं. आमच्याकडे माणूस गेला की भाऊबंद, सोयरे, ओळखीचे त्या घराच्या दाराशी येऊन बसतात. पेपरात छापताना त्याला द्वारदर्शन म्हणतात, बोलताना नुसतं दार. पांढऱ्या कपड्यात यायचं, हात जोडायचे, पसरलेल्या ताडपत्रीवर बसायचं. कोणी काही विचारत नाही, कोणी काही सांगत नाही. थोड्या वेळाने उठायचं आणि 'येतो' न म्हणता निघायचं. प्रत्येक घरातून कोणीतरी जावंच लागतं, आणि ज्याला काम नाही तोच जाणार. नवनीत आपल्या घरातर्फे जायचा. मग शेजारचेही सांगू लागले की आमच्याकडूनही बसून ये. कधी उसासा टाकायचा, कधी मान हलवायची, कधी उठायचं, यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. त्यासाठी पांढऱ्या सदरा-पायजम्याचे दोन जोड कायम इस्त्री करून ठेवलेले असत.

बायको शीला अंगणवाडीत होती. लग्नाकार्यात बायका विचारायच्या, मालक काय करतात? ती म्हणायची, बघी ऱ्हायनात. पाच-सहा वर्षं काय बघत आहेत, हे कोणी विचारलं नाही, पण तिला ते न विचारलेलंच जास्त लागायचं. म्हणून शहाद्याच्या अमृतशेठने नवनीतला ठिबक आणि पाइपच्या दुकानात ठेवून घेतलं, तेव्हा तिने ही बातमी दूधवाल्यालाही थांबवून सांगितली. शेठची अट साधी होती. महिनाभर बघू, माणूस बरा वाटला तर पक्कं करू.

नवनीतला ही नोकरी मनापासून हवी होती. मात्र आपल्या शरीराला ती नको आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. इतकी वर्षं दुपारी जेवण झालं की त्याचे डोळे आपोआप मिटायचे. ते दुकानातही मिटले. गिऱ्हाईक पाइपला वळण द्यायचा कोपर मागत होतं आणि नवनीत पाइपच्या भेंडोळ्याला टेकून मान डोलवत होता. गिऱ्हाइकाला वाटलं होकार आहे, ते बिचारं उभंच राहिलं. दुसऱ्या दिवशी झोप येऊ नये म्हणून तो उभ्यानेच काम करत राहिला, तर उभ्यानेच डुलकी लागली आणि ग्रीसचा डबा अंगावर आला. अंगात एकुलता एक निळा शर्ट होता, लग्नात मिळालेला. संध्याकाळी पारावर त्याने शेठची कहाणी सांगितली. माणूस तिरसट आहे, मागच्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालंय तरी आवाज कमी नाही, आणि नोकराला साधा चहा पाजत नाही.

शीलाने रात्री शर्ट घासून वाळत टाकला. डिसेंबरचे दिवस, सातपुड्यावरून गार वारं सुटलेलं. सकाळी शर्ट हातात घेतला तर पाणी निथळत होतं. नवनीत पांढरा जोड घालून निघाला. थंडी होती म्हणून डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळला. दोन दिवस दुपारची झोप नाही, आज पहाटे उठलेला, डोळे लाल झाले होते. उशीर होईल म्हणून न जेवता, न बोलता तो एसटीत चढला आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसला.

त्याच एसटीत मागच्या बाकावर शेजारचे बन्सीलाल आबा होते. चष्म्याचा नंबर वाढला होता, तो काढायला शहाद्याला चालले होते. नवनीत रोज नोकरीला जातो हे आबांनी ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि पटणं वेगळं. नवनीत सकाळच्या एसटीने पांढऱ्या कपड्यात, डोक्याला रुमाल बांधून, लाल डोळ्यांनी निघालाय, म्हणजे कुठे निघालाय, हे आबांना पाच-सहा वर्षांच्या सवयीने ठाऊक होतं. फक्त कोणाकडे, एवढाच प्रश्न होता. आणि तो विचारायचा नसतो. आबा लांबूनच त्याच्या मागे निघाले.

नवनीत दुकानाशी पोचला. अमृतशेठची एक पद्धत होती. आतल्या खोलीत पूजा होईपर्यंत शटर अर्धंच उघडायचं, आणि तोवर कोणी आत यायचं नाही. नवनीत पायरीवर बसला. बसल्याबरोबर झोप आली, म्हणून त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

रस्त्याच्या पलीकडून आबांनी पाहिलं. शटर अर्धं खाली. नवनीत पायरीवर डोकं धरून बसलेला. मालकाचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. आबांना चष्मा लागत होता, पण एवढं समजायला चष्मा कशाला हवा! त्यांनी घरी बायकोला, शोभाबाईंना फोन लावला आणि हळू आवाजात सांगितलं की नवनीतचा शेठ गेला, आणि चष्म्याचं तसंच सोडून गावातल्या लोकांना आणायला परतीची एसटी धरली.

इकडे शटर पूर्ण वर गेलं आणि नवनीत कामाला लागला. शेठने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पांढरे कपडे, लाल डोळे. शेठच्या मनात आलं, याच्या घरी कोणीतरी गेलंय आणि तरीही हा कामावर आलाय. एरवी शेठने डुलकीवरून त्याची सालटी काढली असती, पण त्या सकाळी ते एक शब्द बोलले नाहीत. तेवढ्यात त्यांना शेतावरून फोन आला की विहिरीवरची मोटार जळाली. शेठचा चेहरा पडला. ते न बोलता आतल्या खोलीत जाऊन बसले. नवनीतने तो पडलेला चेहरा पाहिला. सकाळी ओरडा नाही, आता हा फोन. काहीतरी झालंय खास, एवढं त्याने ताडलं. पण नव्या नोकराने विचारायचं तरी कसं?

दुपारच्या सुमाराला, नेमके त्याचे डोळे जड व्हायला लागले तेव्हा, दुकानासमोर एक पिकअप थांबली. ती त्यांच्याच गावच्या ललितची होती. तिच्यातून एकेक माणूस उतरू लागला. सगळे पांढऱ्या कपड्यात, खांद्यावर रुमाल. सगळ्यात पुढे बन्सीलाल आबा. त्यांनी दाराशी चपला काढल्या, नवनीतकडे बघून हात जोडले आणि खाली मान घालून उभे राहिले.

आता या जागी दुसरा कोणीही असता तर त्याने विचारलं असतं, काय झालं? नवनीतने नाही विचारलं. इतक्या वर्षांत त्याने कधीच विचारलं नव्हतं. मान खाली घातलेली माणसं दिसली की त्याचे हात आपोआप चालायचे. त्याने विक्रीची नवी कोरी ताडपत्री गठ्ठ्यातून ओढली आणि दुकानाच्या मधोमध पसरली. माणसं ओळीने बसली. नवनीतने तांब्या भरून आणला. मनात एकच विचार, शेठच्या घरचं कोणीतरी गेलं, गावापर्यंत बातमी पोचली आणि आपल्यालाच कोणी सांगितलं नाही. नव्या माणसाला कोण सांगतो म्हणा.

भिला नावाचं एक गिऱ्हाईक फवारणीचा पंप घ्यायला आलं होतं. त्याने बसलेली माणसं पाहिली, बाहेर जाऊन चपला काढल्या आणि मागच्या ओळीत येऊन बसलं.

माणसांची चाहूल लागून अमृतशेठ बाहेर आले. त्यांनाही विचारायची गरज वाटली नाही. सकाळचा अंदाज बरोबर ठरला होता. नवनीतच्या घरचं कोणीतरी गेलंय, आणि तो इथे कामावर आहे म्हणून बिचारं अख्खं गाव इथे बसायला आलंय. शेठने हात जोडले, एक उसासा टाकला आणि आबांच्या शेजारी ताडपत्रीवर मांडी घातली. गावातल्या कोणीच शेठना कधी पाहिलं नव्हतं. शेजारी बसलेला हा म्हातारा गेलेल्याचा कोणी नातेवाईक असावा, असं आबा धरून चालले.

अशा प्रकारे अमृतशेठ स्वतःच्याच दारावर येऊन बसले.

थोडं बसून झालं की गेलेल्याबद्दल शेजाऱ्याशी दबक्या आवाजात दोन शब्द बोलायचे असतात. मग रिवाजाप्रमाणे आबा शेजारच्या म्हाताऱ्याकडे थोडे झुकले.

"कालदिन चांगला व्हता म्हने."

"असंच ऱ्हास," शेठ म्हणाले.

"स्वभाव जरासा तिरसट व्हता. नोकरले चहासुद्धा नही पाजे."

शेठने खेदाने मान हलवली. "ऱ्हातस अशा मानसं. पन मरेल मानूसनं वाईट बोलू नही."

नवनीत तांब्या घेऊन मागेच उभा होता. हे शब्द त्याच्या ओळखीचे वाटले. मग ध्यानात आलं की ते त्याचेच होते, कालचे, पारावरचे. त्याने ताडपत्रीवर पाहिलं, आबांकडे पाहिलं, आबांच्या शेजारी मांडी घालून बसलेल्या शेठकडे पाहिलं, आणि अख्खी सकाळ एका झटक्यात त्याच्या डोक्यात उजेड पाडून गेली. झोप पळाली. नोकरी लागल्यापासून तो इतका जागा कधीच झाला नव्हता.

तो आबांच्या पुढे येऊन बसला आणि डोळ्यांनी खुणा करू लागला. भुवया उडवल्या, शेठकडे मान वळवली, ओठ न हलवता 'हाच, हाच' असं सांगू पाहिलं. आबांना एवढंच दिसलं की पोराचं तोंड दुःखाने वाकडं झालंय. त्यांनी त्याला जवळ ओढलं आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घट्ट दाबून धरलं.

"रडी ले बेटा. मन मोकयं कर."

आबांच्या खांद्यात नाक दाबलं गेल्यावर माणसाला बोलता येत नाही. नवनीत नुसता गुदमरत राहिला, आणि त्या आवाजाने मागच्या ओळीतल्या दोघांचे डोळे भरून आले. शेठचाही हात त्याच्या पाठीवर आला. किती मायाळू हात होता तो! शेठचा हा हात पुन्हा आपल्या पाठीवर येणार नाही, या विचाराने नवनीतला खरंच रडू फुटलं.

तेवढ्यात बायकांची रिक्षा आली. शोभाबाई उतरल्या. दारावर रडण्यात शोभाबाईंचा मान मोठा होता. मयत ओळखीचं असो नसो, त्यांना गेलेल्याचं नाव आणि चार गोष्टी कळल्या की पुरे. अमृतशेठबद्दल त्यांना एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे त्याने नवनीतला नोकरी दिली होती. पदर डोक्यावर ओढून, दाराच्या चौकटीला हात लावून त्यांनी सूर धरला.

"ओ अमृतभाऊ, मन्हा नवनीतले आत्तेच नोकरी लागनी व्हती रे भाऊ! जरासा दम धरता, पोऱ्यानी नोकरी पक्की होऊ देता, मंग जाता रे भाऊ!"

शेठचा नवनीतच्या पाठीवरचा हात थांबला. तो हळूच तिथून निघाला आणि त्यांच्या स्वतःच्या छातीवर गेला. तिथलं सगळं चालू आहे याची खात्री झाल्यावर त्यांनी आबांकडे तोंड वळवलं.

"कोन अमृतभाऊ?"

"ह्या दुकानना मालक," आबा म्हणाले. "तुम्हीन वळखतस नही का त्यासले?"

"मी शे ह्या दुकानना मालक."

शोभाबाईंचा सूर अर्ध्यावर राहिला. सुरू केलेलं रडणं मध्येच कसं थांबवायचं, हा प्रसंग त्यांच्यावर पहिल्यांदाच आला होता. त्यांनी ते खोकल्यात मिळवून टाकलं. ताडपत्रीवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मागच्या ओळीतून भिलाने विचारलं, "मंग पंप भेटी का?"

शेठ आबांकडेच बघत राहिले. आपली कधी भेट झाली होती का, असं त्यांनी विचारलं. आबांनी नाही म्हटलं. कधी दुकानातून माल नेला होता का? तेही नाही. मग इतकी माणसं, काम सोडून, थंडीत उघड्या पिकअपमध्ये बसून का आली?

आबांना त्यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही. "नवनीत आमना सगळास्ना दारवर येल शे," ते म्हणाले. "त्याना दारवर आमले येनंच पडस."

नवनीतने मान वर केली. इतकी वर्षं आपण रिकामे आहोत म्हणून जातो, एवढंच त्याला वाटत होतं. कोणी ते धरून ठेवलं असेल, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याला गहिवरून आलं, आणि त्याच वेळी हेही कळलं की गावाच्या या प्रेमाने त्याची नोकरी तिसऱ्याच दिवशी कायमची पोचवली आहे.

शेठ उठले. समोरच्या टपरीवाल्याला हाक मारून सगळ्यांना चहा सांगितला आणि सांगताना नवनीतकडे असं पाहिलं की त्याने नजर जमिनीत घातली. चहा आला, पण कोणी कपाला हात लावेना. दारावर चहा घेत नाहीत. मयत जिवंत असेल तर चालतो का, यावर ताडपत्रीवर दबक्या आवाजात चर्चा झाली. शेवटी भिलाने कप उचलला, कारण तो मुळात पंपासाठी आला होता. चहा संपल्यावर शेठ नवनीतला म्हणाले, "तू यांच्याबरोबर घरी जा." ते एरवी गिऱ्हाइकाशी आणि नोकराशी अहिराणीत बोलायचे. हे शुद्ध मराठीत निघालं, म्हणजे प्रकरण ऑफिशियल होतं.

सगळे पिकअपमध्ये बसून परत निघाले. आबांना चष्म्याची आठवण झाली, पण त्यांनी ती बोलून दाखवली नाही.

नवनीतला वाईट वाटत होतं, आणि ते पगाराचं नव्हतं. सकाळी नऊला कुठेतरी आपली वाट बघितली जाते, उशीर झाला तर कोणीतरी चिडतं, ही गोष्ट त्याला तीन दिवसांतच आवडायला लागली होती. शीलाला काय सांगायचं? परत बघी ऱ्हायनात?

शीला दारातच उभी होती. तिच्यापर्यंत सगळं पोचलं होतं. तिच्या पायाशी पाण्याची बादली होती.

"आठेच थांबा. आधी आंघोय."

"पन शेठ जित्ता शे," नवनीत म्हणाला.

"शेठ जित्ता ऱ्हावो का मरो, तुम्हीन दारवर बठेल शेतस. आधी आंघोय, मंग घर."

यावर वाद नव्हता. दारावरून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. नवनीतने गल्लीत नजर टाकली. प्रत्येक ओट्याजवळ एकेक पुरुष उघडाबंब होऊन, काकडत, डोक्यावर पाणी ओतून घेत होता. समोर बन्सीलाल आबा साबण लावत होते. जिवंत माणसाचं सुतक फेडायला अख्खी गल्ली डिसेंबरच्या संध्याकाळी गार पाण्यात उभी होती, आणि याला जबाबदार एक निळा शर्ट होता, जो अजूनही दोरीवर ओलाच होता.

नवनीतने पहिला तांब्या ओतला. दातावर दात आपटायला लागले. "नोकरी गई," तो म्हणाला. शीलाने दुसरा तांब्या स्वतः भरून त्याच्या हातात दिला. तिचे डोळे ओले झालेले त्याने पाहिले आणि त्याला वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. शीलाने नाव वाचलं, स्पीकर लावला आणि लांबूनच त्याच्यापुढे धरला. शेठ होते. आवाज अगदी दबका.

"नवनीत, तुले ह्या कामनी माहिती शे म्हनीसन इचारी ऱ्हायनू. दारवरथून उनं का आंघोय थंड पानीनी करनी पडस, का गरम चालस?"

"कोन गयं शेठ?" नवनीतच्या तोंडून निघालं.

"मीच रे. मी तठे बठेल व्हतू ना. मन्ही बायको माले घरमा येऊ देत नही."

नवनीतने थोडा विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याला कामाचं म्हणून काही विचारत होतं. उत्तर चुकून चालणार नव्हतं.

"दूरनं मयत ऱ्हायनं तर गरम चालस शेठ. जवयनं ऱ्हायनं तर थंडंच."

मग शेठ हताशपणे म्हणाले, "यानाथून जवयनं कोनतं ऱ्हाई?" आणि थोड्या वेळाने, एवढी माणसं आल्याचा आवाजातला अभिमान लपवायचा प्रयत्न करत, "पन लोके भलता उनात रे मन्हा दारवर. सकाय नऊले ये. टाईमवर ये. पक्कं समज."

शीलाने तोंडाला पदर लावला. नवनीत ओल्या अंगाने तसाच उभा राहिला. शेठ फोन बंद करायचं विसरले होते. पलीकडून बादली सरकवल्याचा आवाज आला, शेठीणबाईंचा आवाज आला, तांब्या बुडाल्याचा आवाज आला, आणि मग शेठची अशी आरोळी आली की ओट्याओट्यावरचे सगळे तांबे हवेत थांबले.

समोर बन्सीलाल आबांनी डोळ्यातला साबण पुसला आणि कान दिला.

"हं," ते समाधानाने म्हणाले. "आते जित्ता वाटस."